गैथचा पत्ता मेलेला नाही

“तुमच्या यादीत मी मेलोय म्हणे.”

तगरीदने मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. केसांवर पावसाचे बारीक थेंब, अंगाला ओल्या लाकडाचा वास. लुवैब्देच्या टेकडीवरच्या पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती, पण आवाजात तक्रारीपेक्षा मजाच जास्त होती.

“कोण म्हणालं?”

“दारावरच्या बाई. काल नाटक बघायला आलो, तर ते कधीच संपलेलं. मला पत्र का नाही आलं विचारलं, तर म्हणाल्या, सकाळी तगरीदला विचार. तुझा पत्ता जिवंत आहे की मेलाय, ते तिलाच ठाऊक.”

अम्मानमधल्या त्या छोट्या नाट्यगृहाचं ईमेल-पत्र तगरीदच पाठवत असे. सध्या ती पत्रं ढिगाने परत येत होती. ती पोचवणाऱ्या कंपनीने बजावलं होतं, की गुरुवारचं पत्रही असंच परत आलं तर खातं बंद. म्हणजे नव्या नाटकाची खबर कोणालाच नाही, आणि प्रयोग रिकाम्या खुर्च्यांपुढे. तगरीद डगमगली नव्हती. कुठल्याही गुंत्याचं टोक सापडतंच, असं तिचं मत होतं.

“नाव?”

“गैथ.”

तिने पडद्यावर शोधलं. “मेलेले नाही आहात. इनबॉक्स तुडुंब भरलाय तुमचा. पत्रं दारापर्यंत आली, जागा नाही म्हणून माघारी गेली. शेवटी यंत्राने तुम्हाला बाद केलं.”

“मी खुर्च्या-कपाटं दुरुस्त करतो. अर्धं अम्मान मला मोडक्या पायांचे फोटो पाठवतं.”

“मग जागा करा. आमच्यासाठी.”

“केली.” तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि मग घाईघाईने तिच्या खुर्चीकडे. “ही डुगडुगते.”

“दोन वर्षं डुगडुगतेय. सवय झालीय.”

“मला नाही होणार.”

तेवढ्यात दारावरच्या उम्म निझार कॉफी घेऊन आल्या. गैथने कप उचलला आणि तीन घोटांत संपवला. उम्म निझार हसल्या. “चला, हा काही मागणी घालायला आलेला नाही!”

मागणी घालायला आलेला माणूस कॉफीला हात लावत नाही. कप समोर ठेवतो आणि मुलीकडचे ‘दिली मुलगी, प्या आता’ म्हणेपर्यंत वाट बघतो. हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. गैथ कानापर्यंत लाल झाला. तगरीदने पडद्यावरची नजर मुद्दाम काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन खुर्चीसाठी आला. तिसऱ्या दिवशी खुर्ची नीट होती, तरी आला. शेगडीवर संत्र्याच्या साली वाळत होत्या, खोलीभर त्यांचा वास होता. पत्त्यांतली चुकलेली टिंबं, गळलेली अक्षरं तगरीदने दुरुस्त करून झाली होती. पण उरलेल्या पत्त्यांत चूक दिसत नव्हती, आणि तरीही तसे पत्ते जगात कुठेच नव्हते. तिकिटं फोनवर नोंदवली जात, म्हणून नंबर होते. तिने एक फिरवला.

“काका, तुमचा ईमेल पत्ता चालत नाही.”

“चालेल कसा, पोरी? तो माझ्या गाढवाच्या नावाचा आहे.”

“गाढवाचा का दिलात?”

“ती बाई दारात डोळे वटारून उभी होती! लिहिल्याशिवाय आत सोडेना. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसतं का?”

गैथ हसून हसून टेबलावर आडवा झाला. तगरीद मात्र हसली नाही. तिला टोक सापडलं होतं. “खाला,” तिने उम्म निझारना मावशी म्हणून हाक मारली, “लोक तुमच्या मुलाहिज्यापोटी हो म्हणतात. खोटं हो.”

“मी प्रेमाने विचारते!”

“म्हणूनच. आता मी सगळ्यांना ईमेलवर पुन्हा विचारणार, घरी, एकटे असताना. खरंच पत्र हवंय का? बटण दाबून हो म्हणतील, तेवढेच ठेवायचे.”

“निम्मे जातील!”

“जाऊ देत. उरतील ते येतील.”

“आणि मी?” गैथने हळूच विचारलं.

“तुम्हालाही विचारणार. वशिला चालत नाही.”

निम्मे गेलेच. पण गुरुवारी सकाळी नव्या नाटकाचं पत्र गेलं, आणि परत आलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुपारपर्यंत फोन खणखणू लागला. उम्म निझारनी तिकिटं नोंदवता नोंदवता हार मानली. खातं वाचलं होतं. तगरीदने मात्र पुन्हापुन्हा एकच नाव पाहिलं. गैथने हो म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली.

“हवंय का विचारणारं पत्र पोचलं होतं तुम्हाला,” ती थंडपणे म्हणाली. “उत्तर नाही आलं.”

“बटणावर नव्हतं म्हणायचं.”

उम्म निझारनी दोघांपुढे कॉफी ठेवली. गैथने कप उचलला... आणि तसाच, न पिता, टेबलावर परत ठेवला. उम्म निझारच्या हातातला ट्रे कलला.

तगरीदने आवाज हलू दिला नाही. “ही रीत घरी असते. माझ्या बाबांसमोर, तुमच्या मोठ्या माणसांसोबत.”

“ठाऊक आहे. पण हे नाट्यगृह आहे ना? तालीम समजा.”

“आम्ही पहिला हो धरत नाही.”

“म्हणून तर आलोय. पुन्हा विचारा.”

“खाला, जरा तिकडे तोंड करा. डोळे वटारू नका.” उम्म निझार पुटपुटत भिंतीकडे वळल्या. तगरीद पुढे झुकली. “आता कोणी बघत नाहीये. मुलाहिजा नको. खरंच हवंय?”

“हो,” तो म्हणाला. “आणि जागा केव्हाच केलीय.”

बाहेर पाऊस थांबला होता. पन्हळीतून एकेक थेंब ठिपकत होता. तगरीदने हात लांब करून त्याच्यापुढचा कप उचलून घेतला. गैथचा चेहरा पडला.

“ही नका पिऊ,” ती म्हणाली. “पार गार झालीय. खाला, यांना गरम आणा. आज प्यायचीय त्यांना.”