न सुटणारी मूठ

यवतमाळहून दिग्रसला जाणाऱ्या एसटीत दीपा बसली, तेव्हा तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता आणि अंगात काडीचंही त्राण नव्हतं. खोक्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. कोपराखाली सेन्सर चिकटवायचा, मूठ आवळली की स्नायूंतला बारीकसा विद्युत इशारा तो टिपतो आणि पडद्यावरचं माकड उडी मारतं. मूठ सैल केली की माकड फांदीवर उतरतं. एवढ्याशा माकडाने तिला सहा महिने नाचवलं होतं. प्रोजेक्टमधले जोडीदार तर कधीच नोकरीच्या नादात पसार झाले होते.

हात गमावलेल्या माणसालाही हा खेळ खेळता येईल, असं तिने अर्जात मोठ्या तोऱ्यात लिहून दिलं होतं. उद्या परीक्षकांना त्याचा व्हिडिओ दाखवता आला नाही, तर वर्ष पाण्यात जाणार होतं. आणि तसा माणूस तिच्या घरातच होता. तिचे बाबा, धर्मपाल.

धर्मपाल लग्नाआधी कापसाच्या जिनिंगमध्ये होते. गाठी दाबायच्या जुन्या प्रेसच्या पेटीत उतरून कापूस तुडवायचा, दोघांनी जोडीने. एकदा जोडीदार रामधन घसरून खाली गेला. धर्मपालांनी वरून त्याचा हात पकडला आणि तेवढ्यात प्रेसचा दाब खाली आला. रामधन गेला. धर्मपालांचा हात कोपराखाली अर्धा उरला.

दुपारच्या उन्हात घराचे पत्रे तापले होते. दीपाने बाबांच्या उरलेल्या हातावर सेन्सर चिकटवला. लॅपटॉपवरची रेघ सरळ वर चढली आणि तिथेच थांबली. माकड हवेतच लटकून राहिलं. तिने वायरी बदलल्या, स्वतःच्या हातावर लावून बघितलं. तिच्या हातावर रेघ शहाण्यासारखी खाली बसली. बाबांच्या हातावर पुन्हा वर.

"बाबा, मूठ सैल सोडा ना."

"कोणती मूठ व माय?" ते हसले. मग आवाज उतरला. "नाही सुटत ते... तवापासून आवळून ठेवली हाय."

"म्हणजे?"

"रामधन हाय तिकडं. खाली ओढून राह्यला. झोपेतबी वजन लागते मले."

घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. पण दीपा इतकी दमली होती की भीतीलाही जागा उरली नव्हती. गेलेला हात मेंदू विसरत नाही, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. तेवढ्यावर तिने समाधान करून घेतलं.

"ते कवाचे गेले, बाबा. कायले धरून बसले? माह्या वर्षासाठी तरी सोडा."

धर्मपालांनी डोळे मिटले.

"माफ कर रे भाऊ..."

रेघ थरथरली आणि हळूहळू खाली आली. माकड फांदीवर उतरलं. पुढचा तासभर बाबा लहान पोरासारखे खेळले, दीपाने सगळं टिपून घेतलं आणि तिला खरंच आनंद झाला. जेवून ते आडवे झाले, तर खांदा अगदी सैल पडलेला. दीपाची आई प्रभावती म्हणाली, "लगीन झाल्यापासून असे झोपलेले मी नाही पायले."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षकांनी व्हिडिओ पाहिला, मान डोलावली. "छान. आता तू स्वतः खेळून दाखव."

तिने सेन्सर चिकटवला, मूठ आवळली. माकडाने उडी मारली आणि हवेतच राहिलं.

"मूठ सोड."

"सोडलीये, सर..."

तिचा हात टेबलावर उघडा पडला होता. रेघ मात्र वर टेकलेली. परीक्षक वायर बघायला वाकले आणि तसेच थबकले. दीपाची चारही बोटं एकमेकांवर दाबली जात होती, पेरं पांढरी पडत चालली होती. हाताला कोणाचाही स्पर्श नव्हता. मग कोणी खाली ओढावा तसा तो हात टेबलाच्या काठाकडे सरकू लागला.

"सर... धरा मला..."

परीक्षकांनी झटकन तिचं कोपर पकडलं. आणि पकडताक्षणी त्यांचेही बूट फरशीवरून पुढे घसरले.