वांगी रंगाची साडी

त्या दिवशी गुणाजीकाकांची कंबर धरली नसती, तर हे काही घडलंच नसतं. दादरच्या त्या साडीच्या दुकानात ते एरवी गिऱ्हाइकांना साड्या स्वतःच नेसून दाखवतात. खांद्यावर पदर, पोटावर निऱ्या, आणि वर पांढऱ्या मिशा.

"ओ साहेब, जरा उभे राहा बघू," ते माझ्या शेजारच्या माणसाला म्हणाले.

उंच, सावळा, आईच्या सुती साड्या कधी घेऊन होतात याची वाट बघत बसलेला. बिचारा मुकाट्याने उभा राहिला. काकांनी त्याच्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढून गादीवर टाकलं आणि त्याला वांगी रंगाची साडी गुंडाळली.

"कशी दिसते?" त्याने मलाच विचारलं.

"साडी की तुम्ही?"

"साडी. माझं मला माहितीय..."

मी हसले. तोही हसला, पदर सावरत. शुक्रवारी ऑफिसची दिवाळी पार्टी, तीत सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि सकाळपासून चार दुकानं पालथी घालून झालेली. तरी आता मला कसलीच घाई नव्हती. मी उगाचच हिरवी दाखवायला सांगितली. मग पुन्हा वांगी.

"हीच घ्या," तो म्हणाला. "माझ्यावर एवढी खुलते, तर तुमच्यावर..."

माझे कान गरम झाले.

काका मात्र धंद्याला पक्के. "बघा, साहेबपण तेच म्हणतायत. वांगी घ्या, हिरवी घ्या, आणि हा शालू तर—"

त्यांच्या तावडीतून सुटायला मी आमच्या घरची ठरलेली थाप मारली. आई 'ह्यांना आवडत नाही' म्हणते, तसंच.

"नको काका. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला वांगी रंग आवडत नाही."

नवरा कुठला नि काय! पण त्याला ते खरंच वाटलं. अंगावरची साडी उतरवून त्याने काकांच्या हातात दिली.

"अभिनंदन," असं म्हणून आईच्या हातातली पिशवी घेऊन तो निघूनही गेला. 'थाप होती' एवढंच म्हणायचं होतं मला. पण तोवर तो दाराबाहेर. काकांनी गादीवरचा पसारा आवरत हिरवी साडी बांधून दिली आणि मी स्वतःवर चरफडत डिलाईल रोडला घरी आले.

दोन दिवस पिशवीला हात लावावासा वाटला नाही. शेवटी गुरुवारी आईने साडी उलगडली, तर घडीतून ते कार्ड पडलं. धम्मपाल. मागच्या बाजूला अडीअडचणीला कळवायचा नंबर.

"अगं फोन कर, शोधत असेल तो," आई म्हणाली.

फोन एका बाईंनी उचलला.

"हॅलो... तुमच्या मुलाचं कार्ड माझ्या साडीत आलंय."

"अगं बाई, तू ती हिरव्या साडीवाली का? दोनदा दुकानात जाऊन आला गं तो. जातो कार्ड शोधायला, आणि विचारत बसतो तुझं नाव. मीच ओरडले, म्हटलं लग्न ठरलेल्या मुलीच्या मागे असं लागू नये."

मला एकदम हलकं हलकं वाटलं. तो मला शोधत होता.

"मावशी, माझं कुठलं लग्न? काकांना टाळायला थाप मारली ओ मी."

मग मावशींनी घरात हाक दिली, "धम्मा, ऐकलंस का? थाप होती म्हणे."

एक भांडं पडल्याचा आवाज आला. मग धावत आल्यासारखा तोच आवाज.

"हॅलो... खरंच?"

"खरंच."

"बरं झालं. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"कार्डासाठी?"

"कार्ड काय, दुसरं मिळतं."

आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी पाठ फिरवली.

"उद्या सकाळी दुकानात याल? कार्ड द्यायचंय... आणि मला ती वांगी साडी घ्यायचीय."

"येतो ना. पण..." तो अडखळला. "तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला चालेल का तो रंग?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला.

"आवडतो," तो हळूच म्हणाला. "त्याला वांगी रंग खूप आवडतो."