हौसाबाईंची चार पानं

कौशल्याबाईंनी चहाला हात लावला नाही. टाइप केलेली चार पानं टेबलावर टाकून त्या म्हणाल्या, “तुम्ही लग्नाआधीच्या चौकशा करता म्हणे. हे काम जमेल का, ते आधी सांगा.”

मीनाक्षी करंदीकरने पानं उचलली. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली बाहेरची खोली हेच तिचं ऑफिस. नवरा श्रीरंग केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याबरोबर हिंडायचा.

गाझियाबादचं मराठी मंडळ जिल्ह्यात सर्वांत आधी आलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणींचं पुस्तक काढत होतं. कौशल्याबाईंच्या आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या हौसाबाई, सप्टेंबरात रेकॉर्डरसमोर दीड तास बोलल्या. महिन्याभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. कळतं मात्र सगळं. रेकॉर्डिंग कुणीतरी पुसलं होतं. उरली ती ही चार पानं.

“परवा तिला वाचून दाखवली, तर तिने हिसकावून फेकली,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मराठी शाळा बळवंतराव पटवर्धनांनी काढली असं लिहिलंय. शाळा आईने काढली. मी सात वर्षांची होते. त्याच खोलीत आम्ही काही महिने...” त्या थांबल्या. “मला माहीत आहे, एवढंच.”

“तुम्ही गाझियाबादलाच असता?”

“कोल्हापूरला. आईचं कळलं तेव्हा आले. पानं त्याआधीच मंडळात पोचली होती.”

“आईंना हिंदी येतं?”

“भाजीवाल्यापुरतं. तेही मोडकंतोडकं.”

मीनाक्षीने एक वाक्य मोठ्याने वाचलं. ‘शाळेला बळवंतरावांचं नाव द्यायला कुणाचीही आपत्ती नव्हती.’

कौशल्याबाई गेल्यावर श्रीरंग म्हणाला, “मंडळाचा अध्यक्ष बळवंतरावांचाच मुलगा आहे. मग शोधायचं काय राहिलं?”

“तुम्ही गाडी काढा,” मीनाक्षी म्हणाली.

अध्यक्ष श्यामकांत पटवर्धनांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

“घरच्यांनी ऐकून सही करायची, असा आमचा नियम आहे,” ते म्हणाले. “हौसाबाईंच्या घरून पाकीट आलं. मी ते न उघडता कपाटात ठेवलं. पुढे उघडलं तर रेकॉर्डरचं कार्ड कोरं, आणि आत ही पानं. रेकॉर्डिंगला गेलेल्या त्या युवराजने टाइप केली असणार.”

“कार्ड चेक करून घेतलं होतंत?”

“तपासून म्हणा. मी पुण्यात काकांकडे शिकलो, तिशीत नोकरीसाठी इकडे आलो. माझ्यासमोर भाषा तरी नीट वापरा. आणि माझ्या वडिलांचं नाव यात ओढू नका.”

मुनिरक्यात युवराजने खोलीचं दार अर्धंच उघडलं. तो मिरजेचा, दोन वर्षांपूर्वी संशोधनासाठी दिल्लीत आलेला.

“मला चोर ठरवायला आलात?” तो म्हणाला. “आजी म्हणाल्या, माणूस समोर असला की मला बोलवत नाही, यंत्र ठेव आणि जा. मी बाल्कनीत बसलो. दार बंद होतं, एक शब्द ऐकू आला नाही. नंतर कार्ड त्यांच्या मुलाला दिलं, हणमंतकाकांना. पानं अध्यक्षांनीच लिहिली. फायदा कुणाचा झाला, बघा की.”

“मी काय म्हणत होतो?” जिना उतरताना श्रीरंग म्हणाला.

गाझियाबादच्या घरात भिंतीवर हौसाबाईंच्या दिवंगत यजमानांचा, सुभेदार हिंदुराव जगतापांचा, गणवेशातला फोटो होता. त्याला ताजा हार होता. बावन्न वर्षांचा हणमंत दारातच उभा राहिला.

“ताईला दुसरं काम नाही,” तो म्हणाला. “माझा जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं. आईजवळ मी राहिलो. ती चार दिवस येते आणि घरात डिटेक्टिव्ह आणते.”

“कार्ड ऐकलंत?”

“टाइम कुठे होता? न ऐकता सही केली आणि पाकीट देऊन आलो. आईने सांगितलेलं छापायला मला काय आपत्ती असणार?”

मीनाक्षीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि निरोप घेतला.

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना हौसाबाईंच्या खोलीत बोलावलं.

“ही पानं हौसाबाईंची नाहीत,” ती म्हणाली. “यात आपत्ती हा शब्द हरकत या अर्थाने आलाय. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हरकतीसाठी तो शब्द हिंदीत वापरतात. हौसाबाईंचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. श्यामकांत पुण्यात शिकलेले, चेक म्हटलेलंही त्यांना खपत नाही. युवराज मिरजेहून आत्ता आलेला. पानं लिहिणारा इथेच वाढलेला आहे. कार्डही त्याच्या हाताखालून गेलंय. आणि तोच शब्द त्याच अर्थाने माझ्यासमोर एकाच माणसाने वापरला. हणमंतराव, तुम्ही.”

श्रीरंग गोंधळला. “पण आईचं श्रेय मुलगा दुसऱ्याला कशाला देईल?”

“श्रेयाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शाळेची गोष्ट निघाली की आणखी एक गोष्ट निघते, ती त्यांना नको होती. कौशल्याबाई, पहिल्या दिवशी तुम्ही मध्येच थांबलात.”

कौशल्याबाई फोटोकडे न बघता बोलल्या. “बाबा शाळा बंद कर म्हणत होते. तिने ऐकलं नाही. त्यांनी तिला मारून घराबाहेर काढलं. आठ महिने आम्ही शाळेच्या खोलीत राहिलो. हणमंत नंतरचा.”

“तुला माहीत होतं?” हणमंतचा आवाज खाली आला. “इतकी वर्षं मी त्या फोटोला नमस्कार केला. आणि आईने सांगितलं कुणाला, तर यंत्राला. मला नाही.”

“म्हणून ते पुसलंस?”

“हो. पुन्हा पुसेन. हे छापलंत तर, ताई, या घरात पाऊल टाकायचं नाही.”

तो बाहेर गेला. श्यामकांत भिंतीकडे बघत होते. “म्हणजे माझ्या वडिलांबद्दलचं सगळं खोटं,” ते म्हणाले.

“या पानांतलं तरी,” मीनाक्षी म्हणाली.

पुसलेलं रेकॉर्डिंग परत मिळालं नाही. युवराजने दोन दुकानांत कार्ड दाखवून पाहिलं. मग तो नवं कार्ड घालून आला. या वेळी हौसाबाईंच्या पलंगाशेजारी कौशल्याबाई बसल्या. त्या पूर्ण नाव सांगून बोलू लागल्या. कुठे चुकल्या की हौसाबाई डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर चमचा आपटायच्या, आणि कौशल्याबाई मागे जाऊन पुन्हा सांगायच्या.

मार कसा बसला हे त्यांनी भराभरा उरकलं, तेव्हा चमचा सर्वांत जोरात आपटला.