गोळ्याचा तोल

गोळ्याचा तोल काढणं हे माझं काम. अवकाशात जाणारा माणूस या गोळ्यात बसणार. परतताना गोळ्याला सुकाणू नसतं. तळ जड म्हणून तो आपोआप सरळ होतो आणि माणूस पाठीवर भार झेलतो. तोल चुकला तर भार मानेवर येतो.

त्या फेब्रुवारीत अजून कुणी माणूस वर गेला नव्हता. फक्त कुझ्मिच जाऊन आला होता. कुझ्मिच म्हणजे माणसाच्या वजनाचा पुतळा. कुणा गावकऱ्याला प्रेत वाटू नये म्हणून त्याच्या तोंडावर ठळक ‘नमुना’ लिहिलेलं.

परत आलेला तो गोळा मी झुल्यावर, म्हणजे तोल मोजायच्या टांगत्या चौकटीवर, चढवून पुन्हा मोजला. काटा मधे न थांबता दाराकडे सरकला. आतल्या माणसानं पाठ उचलून दाराकडे वाकावं, तेवढाच. मी दार उघडलं. जळक्या रंगाचा वास आला. कुझ्मिच पट्ट्यांत घट्ट जखडलेला होता. त्याला उतरवून रिकामा गोळा मोजला... काटा पुन्हा दाराकडेच.

“झुला बिघडलाय,” आमचे प्रमुख वादिम अर्कादियेविच म्हणाले.

“तीनदा तपासला.”

“मग तू बिघडली आहेस, रिम्मा. जा, चहा पी. तुझ्या काट्यासाठी ग्लेबचं उड्डाण थांबवू?”

थांबवा, असं म्हणायचं होतं. ग्लेब त्याच आराखड्याच्या दुसऱ्या गोळ्यातून जाणार होता, आणि मे महिन्यात आमचं लग्न ठरलं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. शेडमध्ये उकडलेल्या कोबीचा वास पसरला होता. ग्लेब मला शोधत आला.

“पुतळ्याला घाबरलीस म्हणे. अगं, निदान माझ्यासारख्या देखण्या माणसाला तरी घाबर.”

“आत काहीतरी आहे, ग्लेब.”

“थांब, बघूनच येतो.”

“नको ना...”

त्यानं लोकरीचे बूट शिडीपाशी काढले आणि आत शिरला. काटा हलला, सरकला आणि बरोब्बर मध्यावर थांबला. माझा जीव भांड्यात पडला.

“आहे का कुणी?” मी विचारलं.

“कुझ्मिचनं जागा गरम ठेवलीय,” आतून आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात तो बाहेर आला. शिडी उतरला, बाकावर बसून बूट घालू लागला.

काटा मध्यावरच होता.

मी झुल्याला हलकेच धक्का दिला. गोळा डोलला. काटा परत मध्यावर आला.

“ग्लेब, तू उतरलास ना?”

“हा काय, समोर बसलोय. झालं ना समाधान? आता थांबवू नकोस मला. कसं मोकळं वाटतंय बघ, पायच जाणवत नाहीत.”

 मी त्याचा दंड धरून त्याला शेडबाहेर काढलं. वर जाण्यापासून कसं अडवायचं, एवढंच डोक्यात होतं. अंगणात नुकताच बर्फ पडून थांबला होता. फाटकापर्यंत तो कुझ्मिचच्या नकला करत राहिला आणि मीही हसले.

फाटकापाशी मी मागे वळून पाहिलं. बर्फात माझी पावलं घोट्यापर्यंत रुतलेली दिसत होती. ग्लेब माझ्याहून चांगला वीस किलोनं जड. त्याच्या बाजूचा बर्फ सपाट होता.