शिलाई कारखान्याची लाइन

साथ आली, जग बदललं, पण साहेब काही बदलला नाही. टाळेबंदीच्या एकविसाव्या दिवशीही सकाळी त्याचा फोन आलाच.

"व्होल्टेज परत वर का? मागणी नसली की व्होल्टेज चढतं, रिकाम्या लायनी बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"शिलाई कारखान्याची रिकामी नाहीये, साहेब."

"अहो, त्याला कुलूप आहे!"

"तेच तर रडगाणं आहे."

ऑपरेटरने फोन आपटला. बदलीचा माणूस विलगीकरणात, त्यामुळे हा एकटाच वीज उपकेंद्रात अडकलेला. बॅटरीच्या खोलीत झोपायचं, चहाचा कपही स्वतःच विसळायचा, आणि वर हे त्रांगडं. कारखाना बंद, तरी नऊला मीटर चढायचा, एकला जेवणाच्या सुट्टीत शून्यावर यायचा, दीडला पुन्हा चढायचा. पहिल्या दिवशी दीड किलोवॉट होता, आज साडेआठ. एका मशिनाला अर्धा, म्हणजे सतरा मशिनं. वायरमनला पाठवलं, तर तोही डोकं फिरवून गेला.

"मेन स्विच पाडलेला आहे. मशिनांवर बोटभर धूळ आहे," तो फोनवर म्हणाला.

"मग वीज खातंय कोण?"

"ते तुम्ही बघा. मी परत आत जाणार नाही."

"का?"

"सुयांना हात लावला, तर चटका बसला."

ऑपरेटरचं डोकं तापलं. त्याच्या ताईने त्याच कारखान्यात वीस वर्षं काढली होती, आणि आता तिथल्या बाकी बायकांसारखी तीही इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर होती. इस्पितळाची वीजही इथूनच जायची. व्होल्टेज चढल्यामुळे काल तिथली दोन यंत्रं बंद पडली होती. तिसरं ताईचं असलं तर? त्या विचाराने त्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. भुताटकी गेली खड्ड्यात, असं म्हणून सव्वाअकराला त्याने कारखान्याची लाइन तोडली.

मीटर शून्यावर आला. व्होल्टेज उतरलं. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात ताईच्या यजमानांचा फोन आला.

"भावोजी, यंत्र चालू आहे ना?"

"यंत्र चालू आहे रे. पण तिचा पाय थांबला."

"कसला पाय?"

"पाच दिवस बेशुद्धीत उजवा पाय हलवत होती. मशिनीवर बसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. मी काचेतून तेवढंच बघत बसायचो."

"कधी थांबला?"

"आत्ता. सव्वाअकराला."

ऑपरेटरने धडपडत लाइन पुन्हा जोडली.

"भावोजी, बघा. हलतोय?"

"थांब, बघतो."

मीटर चढू लागला. दोन. पाच. सात.

"अरे, नर्स पडदा ओढतीये," भावोजी म्हणाले.

आठ.

ऑपरेटरने मीटरच्या काचेवर बोटाने टकटक केलं. मग जोरात केलं.

आठच. सोळा मशिनं.