बॅटरी काढलेला टॉर्पेडो

सरावाचा टॉर्पेडो समुद्रातून परत आला की त्याच्या पोटातली नोंदपेटी काढून ऐकायची, हे वर्कशॉपमधल्या थोरल्याचं नेहमीचं काम. टॉर्पेडो हलकाच, माणसाहून थोडा लांब. पाणबुडीचा आवाज ऐकत तिच्या मागे लागायचं एवढंच त्याला ठाऊक. सरावात त्याच्यात दारू नसते. धाव संपली की तो वर तरंगतो आणि जहाजावरचा एक पाणबुड्या पोहत जाऊन त्याला दोर बांधतो. मात्र त्याच्या शेपटीचा पंखा थांबल्यावर वीस मिनिटं कोणी जवळ जायचं नाही. बॅटरी मरायला तेवढा वेळ लागतोच.

या खेपेला जहाजाच्या डेकवर पाहुणे होते, म्हणून साहेबांना घाई! आठव्याच मिनिटाला त्यांनी पाणबुड्याला उतरवलं. पंखा पुन्हा फिरला. तो पाणबुड्या थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब कागद घेऊन आले.

"सही कर. हुकमाआधी त्यानंच उडी मारली, असं लिहिलंय. आणि ती नोंद पुसून टाक."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या भावाला मारलंत, वर दोषही त्याच्याच माथी? आधी ऐका हे!"

त्यानं पेटी सुरू केली. पंखा थांबला. बरोबर आठ मिनिटं शांतता. मग पाण्यात उडी, पंख्याची घरघर... इथं नोंद संपायला हवी होती. ती संपली नाही. फरशीवर बूट वाजले. साहेब एक पाऊल मागे सरले, तेही पाऊल पेटीत वाजलं.

"हे... हे काय आहे?"

"टॉर्पेडोची बॅटरी परवाच काढलीय, साहेब... आवाज टिपायला पेटीला काही जोडलेलंच नाही."

"माझ्याशी खेळतोस? बघून घेईन तुला!" साहेब तरातरा निघाले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली.

पेटीत आता गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. पेटीच्या पडद्यावर सावजाचं अंतर उमटलं : चारशे मीटर. गाडी लांब जात होती, आकडा वाढायला हवा होता. तीनशे साठ. तीनशे.

थोरल्यानं फोन उचलला, साहेबांचा नंबर काढला. मग त्याला ती आठ मिनिटं आठवली. त्यानं फोन पालथा ठेवून दिला.

"भोगा," तो म्हणाला.

टॉर्पेडो समोर लाकडी घोडीवर गपगार पडलेला होता. आकडा दीडशेवर आला. इंजिनाच्या आवाजाखाली कुणीतरी हात मारत पोहत होतं, दमादमानं, जराही घाई न करता.