गेट नऊची मोजणी

वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त आमच्या काकांसमोर हसू नका. हे त्यांच्यावर गुदरलंय. मी त्यांच्याच तोंडून चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा एका शब्दाचा फरक नव्हता.

काका राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमवर एकतीस वर्षं गेटमन आहेत. हे घडलं तो दिवस शनिवारचा. वेळ दुपारी तीनची. बाहेर लख्ख ऊन.

स्टेडियम जुनं. मैदान जमिनीच्या पातळीखाली, खोलगट. भोवती साठ हजार खुर्च्या. पूर्वेच्या गॅलरीवर एकाही खांबाशिवाय तोललेलं काँक्रीटचं छप्पर. नवीन होतं तेव्हा लोक नुसतं ते छप्पर बघायला यायचे म्हणे.

त्या गॅलरीतून खाली उतरणारा जिना म्हणजे गेट नऊ. छत्तीस पायऱ्या आणि तळाशी लोखंडी शटर.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या जिन्यात अकरा माणसं चेंगरून मेली.

शटर अडकलं होतं, असं चौकशीच्या अहवालात लिहिलंय.

ते खोटं आहे. सामना संपायला दहा मिनिटं उरली की शटर वर घ्यायचं, हा नियम. काकांनी घेतलं नाही. आपल्या संघाला पेनल्टी मिळाली होती. किल्ली खिशात टाकून ते बघायला धावले. दोनच मिनिटं. लवकर निघालेली गर्दी तोवर जिन्यात उतरली होती.

परत आले तेव्हा आतला आरडाओरडा थांबला होता.

इतकी वर्षं यातलं अवाक्षर त्यांनी कुणाजवळ काढलं नाही. काकूंजवळही नाही.

आता दोन वर्षं काम चालून स्टेडियम नवं झालं. उघडण्याआधी त्या शनिवारी चाचणी होती. गॅलरीत माणसं बसवायची, घंटा वाजवायची, आठ मिनिटांत सगळी बाहेर यायला हवीत. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. काकांची एकुलती एक लेक, आमची ताई, हौसेने आली. तिच्या चिठ्ठीवर गेट नऊ निघालं.

"तू नऊवर जायचं नाहीस," काका म्हणाले.

"का हो बाबा? पायऱ्या चावतात की काय?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

"अहो, खाली तुम्हीच उभे असणार ना? मग मला भीती कसली?"

काका किल्ली घेऊन खाली शटरपाशी जाऊन उभे राहिले.

बरोबर दोनशे माणसं वर गेली. घंटा झाली. पावलं खाली येऊ लागली.

गेटमन चेहरे बघत नाही. खांदे मोजतो. खांदा गेला की मुठीतलं काउंटर दाबायचं. आकडा पुरा झाला की शटर खाली, आणि वॉकीटॉकीवर दोन शब्द. इतक्या वर्षांत हाताला ते असं वळण पडलेलं, की डोक्याला विचारावं लागत नाही.

त्या दिवशी काका मोजता मोजता ताईला शोधत होते. दीडशे झाले. ती दिसली नाही. एकशे नव्वद... नाहीच. गर्दीत निसटली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

एकशे नव्व्याण्णव.

मग थोडा वेळ कुणीच आलं नाही...

आणि एक खांदा अगदी जवळून गेला. त्या माणसाने दोन्ही हात अंगाशी घट्ट दाबून धरले होते.

काकांनी काउंटर दाबलं. दोनशे. शटर खाली ओढलं.

"नऊ रिकामं."

तेवढ्यात आतून आवाज आला...

"बाबा!"

कुलपाशी वाकून काकांनी शटर वर खेचलं. हलेना. पुन्हा खेचलं. या वेळी ते खरंच अडकलं होतं.

मग आतून तळहात आपटायला लागले. एका माणसाचे नव्हे... खूप माणसांचे.

वॉकीटॉकीवर कॅमेरे बघणारा ऑपरेटर बोलला.

"काका, जिन्यात ताई एकटीच आहे. पण ती अशी हात अंगाशी दाबून का उभी आहे? हात वर घे म्हणावं तिला... तिला श्वास घेता येत नाहीये!"

शटर कापायला एकोणीस मिनिटं लागली. काका तोवर पत्र्यावर डोकं आपटून रडत होते. मी केलं, मी केलं, एवढंच म्हणत होते.

ताई वाचली. तीन बरगड्या मोडल्या. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते, लहानमोठ्या हातांचे.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, आत सगळे एकच विचारत होते. पेनल्टीचं काय झालं?"

काकांनी मग तिला सगळं सांगितलं. काकूही तिथेच होत्या. ताईने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आता मावशीकडे राहते. काकांचा फोन घेत नाही.

कॅमेऱ्यात एकशे नव्व्याण्णव माणसंच बाहेर येताना दिसतात. शेवटी काका बाजूला सरकून वाट देतात आणि काउंटर दाबतात. समोर कुणीही नाही.

रविवारी पहिला सामना आहे. काकांनी साहेबांच्या हातापाया पडून पुन्हा गेट नऊच मागून घेतलंय.

"एक सुटला," ते म्हणतात. "दहा अजून आत आहेत. त्यांना बाहेर काढल्याशिवाय मला मरण नाही."

एक सुटला तेव्हा ताई आत राहिली होती. दहांच्या बदल्यात आत कोण राहणार, हे काकांना विचारायचं धाडस घरात कुणालाच होत नाही.